थायरॉइडमुळे की 'खरंच' डिप्रेशन?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी लिहिते, काही चुकलं असेल तर सांगा. तुमच्या मिसेस 32 वर्षांच्या, बाळ आता 14 महिन्यांचं. बाळ दोन-तीन महिन्यांचं होतं तेव्हा त्यांना धडधड व्हायची, हात थरथरायचे, बाळ झोपलं तरी यांना झोप लागायची नाही, आणि हे जागरणामुळे होतंय म्हणून कुणी फार लक्ष दिलं नाही. मग ते आपोआप कमी झालं आणि त्याच्या जागी थकवा, उदासी, रडू आलं. बाळ अकरा महिन्यांचं असताना तपासणी झाली, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) 8.4 आला, फ्री टी-फोर (थायरॉइडच्या हॉर्मोनची रक्तातली पातळी) नॉर्मल, थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. आता तीन महिन्यांनी टीएसएच 2.6. म्हणजे रिपोर्टमध्ये थायरॉइड जागेवर आलंय, पण त्या अजून पहाटे चारला जाग्या होतात, बाळाला उचलून घ्यावंसं वाटत नाही आणि त्यावरून दिवसभर स्वतःला दोष देतात. नऊ दिवसांपूर्वी सायकियाट्रिस्टनी सर्ट्रालीन हे डिप्रेशनचं औषध सुरू केलंय आणि घरातले म्हणतायत की मूळ थायरॉइडचं आहे ना, मग मनाची गोळी कशाला, बंद कर. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, 'हे थायरॉइडमुळे आहे की तिला खरंच डिप्रेशन आहे?'

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं प्रॅक्टिस करतेय, आणि त्यातली बरीच वर्षं माझी ओपीडी आणि हॉर्मोनच्या डॉक्टरांची ओपीडी एकाच मजल्यावर होती, त्यामुळे असे पेशंट आमच्या दोघांमध्ये कायम ये-जा करत असायचे. तुमच्या मिसेसना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान किंवा डोस यावर मी इथून काही सांगणार नाही. पण विचार कसा करायचा ते नक्की सांगू शकते.

सगळ्यात आधी त्या 'खरंच' या शब्दाबद्दल. हा शब्द मी रोज ऐकते आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यात असं गृहीत धरलेलं असतं की थायरॉइडमुळे आलेली उदासी म्हणजे नुसता शरीराचा बिघाड, तिला माफी आहे, आणि थायरॉइडशिवाय आलेली उदासी म्हणजे त्या माणसाच्या मनाचा कमकुवतपणा. पहाटे चारला अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेल्या बाईला या दोन्हींत काहीही फरक जाणवत नाही, तिचा त्रास तेवढाच असतो. तुमच्या घरात आता जो वाद चाललाय तो बराचसा या एका शब्दामुळे चाललाय असं मला वाटतं. विचारायचं हे की या त्रासात थायरॉइडचा वाटा किती, तो वाटा सुधारायला किती वेळ लागेल, आणि तोवर बाकीच्या वाट्याचं काय करायचं.

आता थायरॉइडचा मेंदूशी संबंध काय ते सांगते. ग्रंथी मुख्यतः टी-फोर बनवते, तो एक प्रकारे साठा असतो. खरं काम करतो टी-थ्री, आणि मेंदूला लागणारा टी-थ्री बऱ्याच अंशी मेंदू स्वतःच टी-फोरपासून जागच्या जागी तयार करून घेतो. हा टी-थ्री पेशींच्या केंद्रकात जाऊन जनुकं चालू-बंद करतो, पेशींना ऊर्जा कशी मिळते, सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिनचे संदेश किती नीट पोचतात, यावर त्याचा परिणाम होतो. टीएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम, हॉर्मोन कमी पडलं की हुकूम मोठा होतो म्हणून टीएसएच वाढतो. यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, जनुकांच्या पातळीवरचं काम असल्यामुळे यात काहीच पटकन होत नाही, रक्तातला आकडा आधी सुधारतो, माणूस मागाहून सुधारतो, कधीकधी तीन ते सहा महिने मागाहून. दोन, टीएसएच हा पिट्यूटरीला काय वाटतंय याचा आकडा आहे, बाकी मेंदूला काय वाटतंय ते तो सांगत नाही.

हा संबंध काही नवा शोध नाही. 1888 साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने मिक्सिडीमाच्या, म्हणजे थायरॉइड खूप कमी झालेल्या पेशंटचा मोठा अहवाल काढला होता, त्यात जवळपास निम्म्या लोकांना भास किंवा भ्रम होत असल्याचं नोंदवलंय. नंतर 1949 मध्ये रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी 14 पेशंटची माहिती प्रसिद्ध केली, ही माणसं वेडाच्या लक्षणांनी आली होती आणि मूळ आजार थायरॉइडचा निघाला, थायरॉइडच्या गोळ्यांवर त्यातले बहुतेक सुधारले. तेव्हापासून मानसिक आजाराच्या पेशंटचं थायरॉइड बघायचं ही सवय डॉक्टरांना लागली, आणि ती चांगलीच आहे. पण तिची दुसरी बाजू अशी झाली की टीएसएच थोडासा जरी वाढलेला दिसला तरी सगळ्यांना वाटतं, सापडलं, हेच कारण.

इथे आकड्यांचा फरक कळला पाहिजे. मला एक पेशंट आठवतात (ओळख पटेल असं सगळं बदललंय). औषध देऊनही डिप्रेशन हटत नाही म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या. त्यांनी आदल्या दिवशी फोन केला तेव्हा मला वाटलं घरातले कुणी पुरुष बोलतायत, एवढा आवाज जड आणि घोगरा. समोर बसल्यावर प्रश्न विचारला की उत्तर यायला इतका वेळ लागायचा की मला वाटायचं ऐकू आलं नाही, आणि मग उत्तर यायचं, अगदी बरोबर यायचं, पण हळू. चेहरा सुजलेला, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. मी त्यांना खुर्चीवर गुडघे टेकून उभं राहायला सांगितलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटा हातोडा मारला. पाऊल झटकन हललं, आणि मग परत यायला त्याने एवढा वेळ घेतला की तो नुसत्या डोळ्यांनी दिसला, पाण्यातून हलवल्यासारखं ते पाऊल मागे आलं. टीएसएच 90 च्या वर निघाला, फ्री टी-फोर जेमतेम. 'मला वाईट वाटतं' असं त्या कधी म्हणाल्याच नव्हत्या, त्या म्हणायच्या 'मला काही वाटतच नाही, नुसतं झोपावंसं वाटतं.' थायरॉइडची गोळी पूर्ण डोसला पोचल्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यात त्या वेगळ्याच बाई झाल्या आणि डिप्रेशनची गोळी आम्ही हळूहळू काढून टाकली. याला मी थायरॉइडचं डिप्रेशन म्हणेन, जवळजवळ शंभर टक्के.

तुमच्या मिसेसचा आकडा 8.4 आणि फ्री टी-फोर नॉर्मल होता, याला सबक्लिनिकल म्हणतात, म्हणजे ग्रंथी ओढाताण करून का होईना पण काम पूर्ण करतेय. साधारण 4.5 ते 10 च्या मधल्या टीएसएचवर नुसत्या थायरॉइडच्या गोळीने मूड सुधारतो का, यावर चाचण्या झाल्यात आणि निकाल बहुतेक वेळा निराशाजनकच आलेत. 2017 मध्ये 65 वर्षांवरच्या 737 लोकांवर एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात खरी गोळी आणि खोटी गोळी यांच्यात थकव्यात किंवा लक्षणांत फरक दिसला नाही. आता ते वयस्कर लोक होते, आणि बाळंतपणानंतरची 32 वर्षांची बाई हे वेगळं प्रकरण आहे, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा इथे चिकटवू नका. त्यांना गोळी दिली हे चुकलं असं मी अजिबात म्हणत नाही, लक्षणं असताना आणि पुढे अजून मूल हवं असू शकतं अशा वयात मीही गोळीच्याच बाजूची आहे. पण 8.4 च्या टीएसएचने पहाटे चारची जाग, अपराधीपणा आणि बाळाबद्दलचा तुटलेपणा हे सगळं एकट्याने घडवलं असेल असं मला वाटत नाही.

आता मला तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी तुम्ही जाताजाता लिहिलीत, ती म्हणजे सुरुवातीची धडधड. मी नवीन पेशंट आला की एक कोरा कागद आडवा धरते आणि त्यावर एक रेघ ओढून महिने लिहिते. रेघेच्या वर शरीराच्या गोष्टी: बाळंतपण, वजन, धडधड, केस गळणं, पाळी, थायरॉइडचे रिपोर्ट, गोळ्या कधी सुरू, कधी बदलल्या. रेघेच्या खाली मनाच्या: झोप, रडू, चिडचिड, भीती, कशातच रस नाही. घरच्यांना फोनमधले जुने फोटो आणि मेसेज बघून तारखा काढायला लावते, आठवणीपेक्षा त्या जास्त खऱ्या निघतात. मग वरचं आणि खालचं एकमेकांच्या मागेपुढे चालतंय की आपापल्या वाटेने, ते दिसतं. कुठल्याही एका रिपोर्टपेक्षा मला हा कागद जास्त सांगतो.

तुम्ही दिलेल्या तारखांवरून मी तुमचा कागद मनात काढला. बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना धडधड, थरथर, झोप उडालेली. मग काही आठवड्यांनी ते शांत, आणि पुढे थकवा, मरगळ. हे चित्र पोस्टपार्टम थायरॉइडायटिससारखं, म्हणजे बाळंतपणानंतर येणाऱ्या थायरॉइडच्या सुजेसारखं दिसतं. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दबलेली असते, बाळंतपणानंतर ती उसळी मारून परत येते, आणि काही बायकांमध्ये ती थायरॉइड ग्रंथीवरच चाल करून जाते. ग्रंथीला सूज आली की आत साठवलेलं हॉर्मोन रक्तात गळतं, म्हणून पहिल्या काही महिन्यांत थायरॉइड जास्त झाल्यासारखी लक्षणं येतात. साठा संपला की उलटं, हॉर्मोन कमी पडायला लागतं, साधारण चौथ्या ते आठव्या महिन्याच्या आसपास, कधी त्याहून उशिरा. सगळ्यांना दोन्ही टप्पे दिसतातच असं नाही. हे काही दुर्मिळ नाही, बाळंतपण झालेल्या शंभर बायकांमध्ये साधारण पाच जणींना होतं, आणि तरी बहुतेक वेळा सुटून जातं कारण धडधडीला जागरण हे कारण मिळतं आणि मरगळीला बाळ हे कारण मिळतं. तेव्हा रक्त तपासलेलं नसल्यामुळे आता खात्रीने कुणीच सांगू शकत नाही, पण अँटी-टीपीओ ही एक रक्ततपासणी (थायरॉइडवर चाल करणाऱ्या अँटिबॉडी आहेत का ते बघणारी) करून घ्या, ती पॉझिटिव्ह आली तर या शक्यतेला चांगलं वजन येतं.

आणि बाळंतपणानंतरचं डिप्रेशन हा थायरॉइडशिवायही स्वतंत्रपणे होणारा आजार आहे, थायरॉइडायटिसपेक्षा जास्त बायकांना होतो. दोन्हींचा मोसम एकच. त्यामुळे एकाच बाईला दोन्ही असणं यात आश्चर्य काहीच नाही, आणि माझ्या मते तुमच्या घरी बहुधा हेच झालंय. थायरॉइडच्या चढउताराने दार ढकललं असेल, आत आलेलं डिप्रेशन आता स्वतःच्या पायावर उभं आहे. आग काडीने लागली हे कळल्यावर नुसती काडी विझवून भागत नाही.

मी दोन्हींतला फरक कसा करते असं विचाराल तर प्रामाणिकपणे सांगते की थकवा, वजन, विसरायला होणं, लक्ष न लागणं, इच्छा न उरणं, या लक्षणांवरून काहीच ठरत नाही, ती दोन्हींत सारखी असतात. मी दुसऱ्या गोष्टी बघते. थायरॉइड कमी असलेला माणूस शक्यतो जास्त झोपतो, त्याला थंडी वाजते, बद्धकोष्ठता होते, त्वचा कोरडी पडते, पाळी जास्त जाते, आणि त्याला छान काही घडलं तर हळू का होईना पण बरं वाटतं. डिप्रेशनमध्ये पहाटे लवकर जाग येणं, सकाळ सगळ्यात वाईट आणि संध्याकाळी थोडं सुसह्य, आवडत्या गोष्टीनेही काही न हलणं, आणि मुख्य म्हणजे अपराधीपणा. 'मी वाईट आई आहे' हे वाक्य टीएसएच सहसा बोलत नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत ही दुसरी बाजू भारी आहे, आणि टीएसएच नॉर्मल होऊन काही आठवडे गेल्यावरही ती तशीच आहे, म्हणून सायकियाट्रिस्टनी औषध सुरू केलं ते मला योग्य वाटतं.

आता त्या औषधाबद्दल. नऊ दिवसांत सर्ट्रालीनचा मूडवर परिणाम दिसत नाही, चार ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकं दुखणं, थोडी बेचैनी वाढणं हे होऊ शकतं. म्हणजे आत्ताचे दिवस सगळ्यात वाईट आहेत, त्रास आहे आणि फायदा नाही, आणि नेमक्या याच दिवसांत घरच्यांचा दबाव आला की माणूस गोळी सोडतो. ती आता बंद केलीत तर तिचा उपयोग होता की नव्हता हे कधीच कळणार नाही. बाळ अंगावर पीत असेल तरी सर्ट्रालीन दुधात फार कमी उतरतं, दूध पाजणाऱ्या आयांमध्ये ते बऱ्याचदा पहिल्या पसंतीचं औषध असतं, थायरॉइडच्या गोळीचीही दुधाला अडचण नाही. एक लक्षात असू द्या, सर्ट्रालीन सुरू केल्यावर काही पेशंटमध्ये थायरॉइडच्या गोळीचा डोस थोडा वाढवावा लागल्याचं दिसलंय, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघा.

तुम्ही असंही लिहिलंय की त्या सकाळी थायरॉइड, लोह, कॅल्शियम सगळ्या गोळ्या एकदम घेतात. हे बदला. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, नाश्ता आणि कॉफीच्या अर्धा ते एक तास आधी, आणि लोह-कॅल्शियम तिच्यापासून निदान चार तास लांब. पण हे बदलल्यावर तीच 50 ची गोळी अंगी जास्त लागेल आणि टीएसएच अजून खाली जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना सांगून बदला आणि सहा-आठ आठवड्यांनी तपासा, त्याआधी तपासून उपयोग नाही कारण टी-फोरचं रक्तातलं अर्धआयुष्यच साधारण आठवड्याचं आहे, आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ जातो. केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन चालू असेल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी थांबवा, काही लॅबच्या पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो. मी एका मुलीला नॉर्मल असताना हायपरथायरॉइड, म्हणजे थायरॉइड जास्त आहे, म्हणून पाठवलेलं बघितलंय, कारण हे बायोटिनच. आणि जमल्यास दर वेळी सकाळीच, त्याच लॅबमध्ये रक्त द्या, टीएसएच दिवसभरात वर-खाली होतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12 हेही एकदा बघून घ्या, बाळंतपणानंतर यातलं काहीही कमी असलं तर थकवा कुठल्याच गोळीने हटत नाही.

टी-थ्रीच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलंत. डिप्रेशनच्या औषधाला टी-थ्रीची जोड द्यायची ही कल्पना जुनी आहे, 1969 मध्ये आर्थर प्रॅंज या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी इमिप्रामीन या डिप्रेशनच्या औषधाबरोबर ती वापरून बघितली होती, आणि गंमत म्हणजे ज्यांचं थायरॉइड नॉर्मल आहे अशांमध्ये. पुढे अमेरिकेतल्या स्टार-डी नावाच्या मोठ्या अभ्यासात, 2006 साली, आधीच्या दोन उपचारांनी बरं न वाटलेल्यांना टी-थ्री किंवा लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाची जोड दिली तेव्हा टी-थ्रीवर साधारण चारातला एक पूर्ण बरा झाला, लिथियमवर सहातला एक, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने पक्का मानण्याइतका नव्हता. म्हणजे औषध उपयोगी आहे, मी स्वतः वापरते, पण त्याची जागा दोन उपचार नीट करून झाल्यावरची आहे. तुमच्याकडे पहिलंच औषध नऊ दिवसांचं आहे. शिवाय टी-थ्री झपाट्याने चढतं आणि उतरतं, ज्या बाईला वर्षभरापूर्वी धडधड आणि थरथर होती तिला ते आत्ताच देणं मला घाईचं वाटेल. टीएसएच अजून खाली आणून 1 च्या खाली ठेवला तर मूड सुधारेल का, हेही लोक विचारतात. डोस गरजेपेक्षा वाढवला की काही दिवस हुशारी वाटते आणि मग येते बेचैनी, झोप उडणं, आणि फार काळ तसंच ठेवलं तर हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि हाडं ठिसूळ होणं.

उलट्या बाजूचंही दोन ओळींत लिहिते, कारण हे उत्तर इतरही वाचतील. थायरॉइड जास्त झालं की चिंता, चिडचिड, पॅनिकसारखे झटके येतात, आणि कित्येक जण आधी माझ्याकडे येतात. मी हात पुढे करायला सांगून बोटांवर कागद ठेवते, कागद बारीक फडफडला, तळहात गरम-ओले असले, भूक चांगली असून वजन उतरत असलं, झोपेतही नाडी जोरात चालत असली की मी चिंतेचं औषध लिहिण्याआधी रक्त तपासते. नुसत्या चिंतेत हात सहसा गार असतात. वयस्कर माणसांमध्ये मात्र हेच थायरॉइड उलटा चेहरा घेऊन येतं, माणूस गप्प, सुस्त, खाणं कमी, आणि सगळ्यांना वाटतं डिप्रेशन किंवा विसरभोळेपणा.

बायपोलरचा, म्हणजे मूड कधी फार चढतो तर कधी फार उतरतो त्या आजाराचा, मुद्दा मात्र तुमच्या कामाचा आहे. मिसेसना पूर्वी कधी असे दिवस आले होते का की झोप कमी लागूनही उत्साह उतू जातोय, बोलणं थांबत नाही, खर्च सुटलाय, आणि लोक म्हणतायत ही नेहमीसारखी नाही? त्यांच्या सख्ख्या नात्यात कुणाला बायपोलर आहे का? असेल तर हे सायकियाट्रिस्टना आजच सांगा, कारण अशा वेळी नुसतं डिप्रेशनचं औषध मूड उलट्या टोकाला नेऊ शकतं, आणि हा धोका बाळंतपणानंतर जास्त असतो. बायपोलरमध्ये थायरॉइडकडे आम्ही दुप्पट लक्ष देतो. मूडचे झोके वर्षात चार किंवा जास्त वेळा येत असतील अशांमध्ये थायरॉइड कमी असणं जास्त आढळतं, आणि लिथियम हे आमचं सगळ्यात जुनं आणि भरवशाचं औषध स्वतःच थायरॉइडला मंद करतं, म्हणून लिथियमवर असलेल्याचा टीएसएच दर सहा महिन्यांनी बघायचा असतो. तो वाढला तरी लिथियम लगेच सोडायचं नाही, बहुतेक वेळा थायरॉइडची गोळी जोडून दोन्ही नीट चालतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यांना जगणं नको वाटतं का, स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचे विचार येतात का, हे तुम्ही त्यांना सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बऱ्याच बायका मला म्हणाल्यात की कुणीतरी विचारावं म्हणून त्या थांबल्या होत्या. उत्तर हो असेल, किंवा आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल विचित्र समज होणं, दोन-तीन रात्री अजिबात न झोपणं असं काही असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका. तिथे टीएसएच किती आहे हा प्रश्न दुसऱ्या दिवशीचा.

तर थोडक्यात, दोन्ही उपचार शेजारी-शेजारी चालू ठेवा. सर्ट्रालीन निदान सहा आठवडे नीट घेऊन मग डॉक्टरांबरोबर हिशोब करा. थायरॉइडची गोळी वेगळी आणि रिकाम्या पोटी, सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर, एकदाच अँटी-टीपीओ. आणि तो रेघेचा कागद आज रात्री दोघांनी बसून काढा, दोन्ही डॉक्टरांना एकच कागद दाखवा. घरच्यांना तुम्ही असं सांगू शकता की दोन डॉक्टरांपैकी एकाचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं असं काही नाहीये, दोघंही एकाच बाईच्या दोन त्रासांवर काम करतायत. रात्रीचं बाळ निदान चार-पाच तास सलग तुम्ही किंवा दुसऱ्या कुणी सांभाळलंत तर तोही उपचारच आहे, तुटक झोपेवर कुठलंच औषध पूर्ण चालत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की थायरॉइडची गोळी आता जन्मभर का. कदाचित नाही. हे जर खरोखर पोस्टपार्टम थायरॉइडायटिस असेल तर बहुतेकींची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात सावरते, काहींची नाही सावरत. म्हणून गोळी सुरू केल्यापासून साधारण वर्षाने, अंगावर पाजणं संपलेलं असेल आणि पुढच्या बाळाचा विचार त्या वेळी नसेल तर, डॉक्टर डोस हळूहळू कमी करून दर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघतात. मी मूडच्या बाजूने एवढंच जोडेन की तो प्रयोग त्या मनाने स्थिर असताना करा आणि डिप्रेशनची गोळी कमी करायच्या महिन्यांतच तो करू नका, नाहीतर त्रास परत आला तर कशामुळे आला ते कुणालाच कळणार नाही. गोळी सुटली तरी वर्षातून एकदा टीएसएच बघत राहायचा. आणि पुढचं बाळ ठरलं की ठरवतानाच, आणि दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर पुन्हा, थायरॉइड तपासून घ्या, कारण एकदा झालेलं हे पुढच्या बाळंतपणानंतर परत येण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात धडधड सुरू झाली तर जागरणावर न ढकलता त्याच आठवड्यात रक्त द्या.